नॅट येईपर्यंत

वाट बघणाऱ्या माणसांकडे किस्से फार साठतात. ज्याचं काम झटक्यात होतं त्याच्याकडे सांगण्यासारखं काही उरतच नाही. आम्ही चौघांनी एका विमानाची इतकी वाट बघितली, की आता घरी कुणी चहाला आलं तरी दुसरा चहा टाकावा लागतो. आलेला माणूस सगळं ऐकून घेतो आणि निघताना हळूच विचारतो, "पण तुम्ही खरं विमान कधी उडवलंत?"

खरं नाही हो. कॉम्प्युटरवरचं.

तरी पण नुसता गेम म्हटलं की आमच्या कुलकर्णी सरांना राग येतो. त्यांचं बरोबर आहे. या लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरमध्ये कॉकपिटमधलं एकेक बटण खऱ्यासारखं चालतं. इंजिन चालू करायचं तर आधी बॅटरी, मग इंधन, मग बाकीचं. क्रम चुकला की विमान जागचं हलत नाही. एकेक विमान वेगळं घ्यावं लागतं, आणि ते बनवणारी माणसं ते काही वर्षं घासत बसतात. आमचं विमान म्हणजे नॅट. पासष्ट आणि एकाहत्तरच्या लढाईत नाव काढलेलं, चिमुकलं, एका माणसाचं विमान. परदेशातली चार माणसं नोकरीधंदा सांभाळून संध्याकाळी ते बनवत होती. कुठल्याशा संग्रहालयात जाऊन त्यांनी खऱ्या नॅटचे खिळे मोजले होते म्हणे. अशा माणसांना घाई करा असं कुठल्या तोंडानं सांगणार?

*

आमचा अड्डा म्हणजे कुरवंड्यातल्या माझ्या होमस्टेची कोपऱ्यातली खोली. खिडकीतून लोणावळ्याचा नागफणीचा सुळका दिसतो, म्हणून ती खोली खरं तर सगळ्यात महाग लावायला हवी होती. तिथं मी कॉम्प्युटर, जॉयस्टिक, पायाखालची पेडल आणि प्लायवूडची खुर्ची मांडली. माझी बायको वैशाली त्या दिवसापासून आम्हाला वायुदल म्हणते. "आज वायुदल जेवायला आहे का?" एवढंच विचारते आणि तेवढ्या भाकऱ्या वाढवते. याच्यापेक्षा मोठा पाठिंबा मला आयुष्यात मिळालेला नाही.

एकदा मुंबईहून एक नवं जोडपं शेजारच्या खोलीत उतरलं होतं. दुपारी आमची मोहीम चालू होती. आम्ही काही मुद्दाम ओरडत नाही, पण मागून क्षेपणास्त्र आल्यावर माणूस कुजबुजत कसा बोलणार? दोन दिवस राहून ते जोडपं हसतमुखानं गेलं. आठवड्यानं त्यांचा अभिप्राय इंटरनेटवर आला. वैशालीनं तो सगळ्यांसमोर वाचून दाखवला: "निसर्ग सुंदर. पिठलं-भाकरी अप्रतिम. शेजारच्या खोलीत युद्ध चालू असतं, पण मालक त्यात वारंवार मरत असल्यामुळे जेवण वेळेवर मिळतं."

त्यानंतर ती खोली बघायलाही लोक येऊ लागले.

*

आमच्यातले संपतभाऊ म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ. भाताची शेती, पर्यटकांसाठी दोन जीपगाड्या, आणि बोलणं असं की ग्रामपंचायतीच्या सभेत माइक बंद पडला तरी कुणाला कळत नाही. शेजारी म्हणून सहज डोकावले आणि इथलेच झाले.

नॅटची आगाऊ नोंदणी सुरू झाली तेव्हा मी म्हटलं, करून टाकू. संपतभाऊंनी साफ नकार दिला. विमान बनलेलं नाही, उडालेलं नाही, आणि नुसत्या चित्रावर नोंदणी? ते म्हणाले, "म्हस हिंडवून बघितल्याबिगर म्या कंदी इसार दिला न्हाई." सरांनी समजावलं, मी समजावलं. भाऊ हलले नाहीत.

मग एका रविवारी नॅटची पहिली चित्रफीत आली. मिनिटभराचीच होती. विमान धावपट्टीवरून उठतं, चाकं आत घेतं आणि ढगात शिरतं, बस. भाऊंनी ती उभ्यानं बघितली. परत लावायला सांगितली. तिसऱ्यांदा बघताना मान तिरकी करून खालून बघायला लागले. मग खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "चालीला बरी हाय. लाव माझं नाव पयलं."

*

नॅट कधी येणार, या प्रश्नावर अधिकृत उत्तर कायम एकच असायचं: लवकरच. कुलकर्णी सरांनी हायस्कुलात भौतिकशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलं. त्यांनी त्या "लवकरच"चे प्रकार पाडले होते. नुसतं लवकरच म्हणजे यंदा नाही. अगदी लवकरच म्हणजे काहीतरी मोडलंय. आणि काहीच न बोलता नुसता फोटो टाकला, की समजायचं माणसं खरंच कामाला लागली आहेत.

अशाच एका फोटोवरून सर बिघडले. फोटोत नॅट उन्हात उभं होतं. आम्हाला ते चांदीसारखं दिसत होतं. सर म्हणाले, हे ॲल्युमिनियम नाही, हे पितळ आहे. रंग साफ चुकलाय. आम्ही वाद घातला, पण सरांशी वाद घालून लोणावळ्यात आजवर कुणी जिंकलेलं नाही. त्यांनी बनवणाऱ्यांना सविस्तर ईमेल पाठवला. धातूवरून प्रकाश कसा परावर्तित होतो तेही त्यात समजावलं.

त्यानंतर काही महिन्यांनी सरांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. नेमकी त्याच आठवड्यात नॅट येणार अशी अफवा उठली. सरांनी डॉक्टरांना विचारलं, एकच डोळा आत्ता करता येईल का, दुसरा विमानासाठी राहू दे. डॉक्टर म्हणाले, आम्ही एका वेळी एकच करतो, पण कुठल्या विमानासाठी? विमानतळावर न्यायला कुणी नाही का तुम्हाला? सरांनी जमेल तेवढं समजावलं. अफवा खोटी निघाली, आणि दोन्ही डोळे व्यवस्थित पार पडले.

पहिल्या डोळ्याची पट्टी निघाल्यावरच सर घरी गेले आणि स्वयंपाकघरात उभे राहिले. काकूंना विचारलं, भिंतींना रंग कधी दिला? काकू म्हणाल्या, अहो, पांढराच आहे, आधीपासून. मोतीबिंदूमुळे सरांना सगळं जग पिवळं दिसत होतं आणि हळूहळू झाल्यामुळे ते कळलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सर माझ्याकडे आले. तो जुना फोटो लावायला सांगितला. बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी तिथंच बसून माफीचा ईमेल लिहिला. डोळ्यांचं सगळं खरं खरं सांगितलं.

आठ दिवसांनी उत्तर आलं. त्या लोकांनी लिहिलं होतं, तुमचे डोळे बरे झाले हे वाचून आनंद झाला. पण तुमच्या पहिल्या पत्रानंतर आम्ही पुन्हा संग्रहालयात जाऊन आलो. रंग थोडा पिवळा झालाच होता. आता दुरुस्त केलाय.

*

गायकवाड सिस्टर या आमच्यातल्या खऱ्या वैमानिक. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाल्या, आणि माझ्या आईला इंजेक्शन द्यायला घरी यायच्या. एकदा जाताना खोलीत डोकावल्या. मी तेव्हा उतरताना विमान आपटत होतो. त्यांनी दोन-तीन वेळा बघितलं आणि म्हणाल्या, "तुम्ही जमिनीला घाबरता. ती कुठे जाणार आहे?" मग स्वतः बसल्या. त्यांनीही आपटलं. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या, इंजेक्शन नसताना. वर्षभरात आमच्यात त्यांच्याइतकं हळुवार कुणी उतरत नव्हतं.

इंटरनेटवरून आम्ही इतर गावच्या लोकांबरोबर एकत्र उडतो. एका मोहिमेत नागपूरचे एक इंजिनिअर होते. चांगले चाळिशीतले, पण नवखे. डोंगरांवर असताना त्यांचं इंजिन विझलं. ते इतके गडबडले की माइकवर नुसतं "गेलं, गेलं, गेलं" ऐकू येत होतं. बाकी सगळे एकदम सूचना द्यायला लागले. त्यामुळे तर ते आणखीच घाबरले.

तेवढ्यात सिस्टरांचा आवाज आला. मोठा नाही, पण सगळे गप्प झाले.

"बाकीच्यांनी बोलायचं नाही. दादा, माझ्याकडे लक्ष द्या. आधी श्वास घ्या. घेतला? आता नाक खाली करा. वेग येऊ द्या. बटण दाबायचं नाही अजून. घाई नाही. अजून नाही. अजून नाही. आता दाबा. धरून ठेवा, सोडायचं नाही. येतंय बघा. आलं."

इंजिन पेटलं. दादा सुखरूप उतरले. उतरल्यावर त्यांनी फार आदरानं विचारलं, मॅडम, आपण एअर फोर्समध्ये होतात का?

"नाही," सिस्टर म्हणाल्या. "प्रसूती वॉर्ड."

*

या वाट बघण्यात संपतभाऊंच्या घरी एक वेगळंच प्रकरण झालं.

भाऊ दिवसातून दोनदा मला फोन करायचे आणि विचारायचे, "नॅट कधी येणार?" गावाकडच्या बोलण्यात आणि फोनवरच्या त्यांच्या ओरडण्यात ते घरच्यांना ऐकू जायचं "नात कधी येणार?" त्यांची सून तेव्हा गरोदर होती. वहिनींनी सुरुवातीला दुर्लक्ष केलं. मग भाऊ शिरगावला साईबाबांच्या दर्शनाला गेले आणि हात जोडून मोठ्यानं म्हणाले, बाबा, आता नॅट लौकर येऊ दे. मागे वहिनी उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. घरात दोन नातू आधीच होते, आणि हा माणूस नातीसाठी देवाला साकडं घालतोय!

ही बातमी आठवड्याभरात कुरवंड्यात पसरली. महिला बचत गटानं भाऊंना सभेला बोलावून शाल दिली. अध्यक्षबाई म्हणाल्या, पुरुषांनी संपतभाऊंसारखा विचार करायला शिकलं पाहिजे. भाऊ आयुष्यात पहिल्यांदा भाषण न करता खाली बसले. काय गोंधळ झालाय ते त्यांना तिथं शाल अंगावर पडल्यावर कळलं होतं. पण सून समोरच्या रांगेत बसली होती, आणि तिचा चेहरा इतका खुलला होता, की खरं सांगायची त्यांची छाती झाली नाही.

आणि नात झाली. भाऊंनी अख्ख्या गावाला पेढे वाटले. मुलगी झाली तर बर्फी वाटतात असं कुणी तरी आठवण करून दिली, तर म्हणाले, "आमच्यात मागून घेतलेल्याचं पेढंच असत्यात." आमच्या खोलीवर पेढे घेऊन आले तेव्हा सरांनी हळूच विचारलं, भाऊ, नक्की काय मागितलं होतंत?

भाऊंनी सरांच्या हातावर दुसरा पेढा ठेवला. "एक आली. दुसरी बी येईल."

*

दुसरीही आली. ऐन पावसाळ्यात, शनिवारी. काही आगाऊ सूचना नाही, गाजावाजा नाही, नुसता एक ओळीचा निरोप: तयार आहे, घ्या.

कुरवंड्यात त्या दिवशी इंटरनेटचा थेंब येत नव्हता. फाइल एवढी मोठी, की आमच्या वेगानं उतरवायला गणपती उजाडले असते. सरांच्या लोणावळ्याच्या घरी मात्र तारेचं कनेक्शन होतं. म्हणून मी कॉम्प्युटरचा डबा गोधडीत गुंडाळला, वर प्लॅस्टिक लपेटलं, आणि संपतभाऊंच्या जीपमध्ये मांडीवर घेऊन बसलो. शनिवार म्हणजे सगळा पर्यटक रस्त्यावर. धुकं, कणसं, भजी, आणि मधोमध अडकलेल्या गाड्या. भाऊ हॉर्न वाजवून थकले.

वळणावर बंदोबस्ताला असलेल्या हवालदारांनी जीप बाजूला घ्यायला लावली. त्यांची नजर माझ्या मांडीवरच्या गुंडाळीवर गेली. गोधडी बघून त्यांना वाटलं लहान बाळ आहे, म्हणून काळजीनं जवळ आले. दवाखान्यात न्यायचंय का, म्हणाले. मी खरं सांगणार तेवढ्यात भाऊ बोलून गेले, "न्हाई साहेब. इमान आणाया चाललोय."

हवालदारांनी आमच्याकडे बघितलं. समोर लागलेल्या गाड्यांच्या रांगेकडे बघितलं. पावसात सकाळपासून उभा असलेला माणूस तो. शांतपणे म्हणाला, "मग येताना त्याच्यातनंच या. रस्त्यानं काय जमायचं न्हाई."

*

विमान आल्यावर आम्ही भांडलो नाही, ही मला अजूनही नवलाची गोष्ट वाटते. पहिल्यांदा कोण उडवणार हे आधीच ठरलं होतं. आमच्यापैकी कुणीच नाही.

लोणावळ्यातच तुंगार्लीला परचुरे म्हणून निवृत्त विंग कमांडर राहतात. वय पंच्याहत्तरच्या पुढे. तरुणपणी त्यांनी नॅट उडवलेलं. सरांची त्यांची सकाळच्या फिरण्यातली ओळख. सरांनी त्यांना कितीदा तरी बोलावलं, दुसरी विमानं आहेत, बघायला तरी या. ते हसून म्हणायचे, नॅट आलं की सांगा, दुसरं काही नको.

पण नॅट येईपर्यंत परचुरे साहेबांना कंपवात झाला. आधी बोटं हलायला लागली, मग हात. चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरायला लागले, मग अर्धाच भरून मागायला लागले. फिरायला येणं कमी झालं. नॅट आल्याचा फोन सरांनी केला. साहेब म्हणाले, उद्या सकाळी येतो.

साहेब आले ते इस्त्रीचा शर्ट घालून. वैशालीनं पोहे केले होते, पण ते नंतर खाऊ म्हणाले. खुर्चीत बसायला सिस्टरांनी हात पुढे केला, तर त्यांनी तो नम्रपणे बाजूला केला आणि आधी डावा पाय, मग उजवा, असे स्वतः चढून बसले. प्लायवूडची खुर्चीच ती, चढण्यासारखं तिच्यात काही नव्हतं.

पडद्यावर कॉकपिट उघडलं. साहेबांनी डावीकडून उजवीकडे एकेक घड्याळ बघितलं. कुणाला काही विचारलं नाही. मग त्यांनी जॉयस्टिकवर हात ठेवला, आणि पडद्यावरची दांडी लटलट हलायला लागली. उभ्या विमानाची शेपटी वरखाली होत होती. आम्ही चौघंही दुसरीकडे बघायला लागलो.

अशा वेळी उपयोगी पडेल अशी एक सोय सिम्युलेटरमध्ये असते. हाताची बारीक हालचाल कॉम्प्युटरनं मोजायचीच नाही, फक्त मोठी मोजायची. सरांनी आदल्या संध्याकाळीच ती शोधून ठेवली होती. एक खूण केली की झालं, साहेबांना कळलंही नसतं. सरांनी माझ्याकडे बघितलं. मी माउसला हात लावला. पण सिस्टरांनी मान हलवली. त्यांच्या आयुष्यात त्यांनी रुग्णाला न सांगता काही केलेलं नाही. त्या खुर्चीजवळ वाकून म्हणाल्या, "साहेब, हाताची थरथर विमानाला कळू नये अशी सोय आहे. करू का?"

"नको," साहेब म्हणाले. "हात माझा आहे. कळू दे त्याला."

त्यांनी इंजिन चालू केलं. विमान धावपट्टीवर आणलं. ब्रेक सोडले. नॅट जमिनीवरून उठलं तेच मुळी डुलत. नाक खाली, वर, पुन्हा खाली. पंख एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. संपतभाऊंनी खिडकीची चौकट घट्ट धरली होती. आता आपटतं, मग आपटतं, असं वाटत साहेबांनी धावपट्टीला एक पूर्ण फेरी मारली. हात जराही थांबला नाही. तो हलत होता आणि साहेब त्या हलण्याच्या मधून वाट काढत होते. नाक खाली गेलं की उचलत होते, वर गेलं की सोडून देत होते. कपाळावर घाम आला होता. उतरताना चाकं टेकली, उसळली, पुन्हा टेकली. विमान धावत धावत हळू झालं आणि धावपट्टीच्या मधल्या रेघेवर थांबलं.

साहेबांनी एकेक बटण बंद केलं, उलट्या क्रमानं. हात मांडीवर घेतला, त्याच्यावर दुसरा हात ठेवला, आणि आमच्याकडे वळले.

"पोरांनी फार बरोबर बनवलंय," ते म्हणाले. "तेव्हाही असंच थरथरायचं."